हयातांचेही स्मरण

भाद्रपद उतरणीला लागला की घरोघरी पितरांची आठवण निघते. पानावर वडिलांच्या आवडीची भाजी आवर्जून वाढली जाते आणि कावळ्यासाठी घास ठेवून आपण वाट पाहत उभे राहतो. याच दिवसांच्या आगेमागे २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन येतो. गेलेल्यांना इतक्या निगुतीने आठवणारे आपण, ज्यांची स्वतःचीच आठवण विरत चालली आहे अशा हयात वडीलधाऱ्यांकडेही या निमित्ताने वळायला हवे. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे; आणि घरात मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला जातो.

१९०६ साली डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांना, आता त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या खुणा दिसल्या त्या एका रुग्ण स्त्रीच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. आज जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता येते. एमआरआयमध्ये स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो, छोट्या छोट्या पक्षाघातांचे डाग दिसतात. त्याहून मोलाचे म्हणजे, बरे होण्याजोगे कारण सापडू शकते. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला लागलेल्या आजोबांना काही आठवड्यांनी भ्रम होऊ लागतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेले रक्त दिसते, वेळीच शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुन्हा भानावर येऊ शकतो. असे एकही आजोबा ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली हातचे जाऊ नयेत.

तरीही नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. सुरुवातीच्या काळात स्कॅन निर्दोषही दिसू शकतो. आजी रोजच्या आमटीत दोनदा मीठ घालू लागली ती कधीपासून, बाजारातून परतताना वाट चुकली का, हे कुणीतरी बसून, सुनेला आणि आजीला वेगवेगळे विचारावे लागते. ब्रिटनमधल्या कितीतरी मेमरी क्लिनिकांत हे काम प्रगत प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका करतात: चाचण्या घेतात, स्कॅन हवा का ते ठरवतात, त्याचा अहवाल बाकीच्या माहितीशी ताडून पाहतात आणि डॉक्टरांच्या चमूसोबत निदानापर्यंत पोचतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला स्मृतिचाचणीत घड्याळाचे चित्र काढायला सांगणे अन्यायाचेच. अशा माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी १९९५ पासून उपलब्ध आहे. पण ती नुसती असून भागत नाही, आजीच्या बोलीत आणि तिच्या कलाने घेणारे माणूस हवे.

आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झालेला आहे. तसाच वृद्धांच्या स्मृतीसाठी का नसावा? मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, तालुक्याच्या रुग्णालयात ते रोज येणार नाहीत. परिचारिका मात्र तिथे आजही आहे. तिला हे शिक्षण, अधिकार आणि त्याला साजेसे वेतन मिळावे, ही मागणी आपण या पंधरवड्यात लोकप्रतिनिधींकडे करू या. आणि घरात कुणी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारत असेल, तर नवरात्राची घटस्थापना होण्याआधी त्यांना तपासणीला नेऊ या.