वाढीव खोली, नोटीस आणि आपण



नगरपालिकेची नोटीस घेऊन दारात उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच एक असतो. मी तीस वर्षे पोस्टमन म्हणून काम केले. पोच लावलेले रजिस्टर पाकीट पाहिले की घरातल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. "घरी कोणी नव्हते म्हणून लिहा ना", अशी गळ कितीतरी जणांनी मला घातली. २०२२ साली तसेच पाकीट माझ्या स्वतःच्या दारात आले, आणि मलाही क्षणभर तेच म्हणावेसे वाटले.

२०१६ साली मी निवृत्त झालो. मोठ्या मुलाचे लग्न ठरले होते. दोन खोल्यांच्या घरात सून आणायची म्हणजे अडचण. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले तेव्हा घरामागे दहा बाय बाराची एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधले. गवंड्याला परवानगीचे विचारले तर तो म्हणाला, "काका, मागच्या बाजूला कोण बघतंय? सगळ्या गल्लीने बांधलंय." आयुष्यभर नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवून काम केलेल्या माणसाने हे ऐकून घेतले. ही चूक माझीच, हे आधी सांगून टाकतो.

सहा वर्षांनी शेजाऱ्याने तक्रार केली आणि नोटीस आली. तीन दिवस ते पाकीट देवघराच्या फळीवर पडून होते. चौथ्या दिवशी एक दलाल आला, "मिटवून टाकतो" म्हणाला. पैसे देणारच होतो. पण त्याच संध्याकाळी युनियन कार्यालयात एका जुन्या सहकाऱ्याने नोटीस हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "कलम कोणते आणि मुदत किती?" मी पाकीट नीट वाचलेच नव्हते.

नोटिशीत काय वाचायचे?

महाराष्ट्रात बांधकामाबद्दलची नोटीस वेगवेगळ्या कायद्यांखाली येऊ शकते. मुंबईला १८८८चा महानगरपालिका कायदा आहे, इतर महापालिकांना १९४९चा, नगरपरिषदांना १९६५चा. या सर्वांच्या जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. माझी नोटीस या शेवटच्या कायद्याच्या कलम ५३ खालची होती. या कलमात एक तरतूद आहे, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत बांधकाम राखण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे ते बांधकाम काढावे लागत नाही. मुदत टळली की ही वाट बंद होते. देवघराच्या फळीवर गेलेले तीन दिवस म्हणूनच महाग पडू शकले असते.

आम्ही परवानाधारक अभियंत्याकडून मोजणी करून घेतली, नकाशा काढला, मालकीची कागदपत्रे जोडून अर्ज दिला आणि आवक क्रमांकाची पोच घेतली. सुनावणीला मी स्वतः गेलो. निकाल असा लागला : खोली नियमात बसत होती, न्हाणीघर मागच्या सामासिक अंतरात आले होते. न्हाणीघर मी स्वतः माणसे लावून पाडले. खोलीसाठी दंडासह जे शुल्क भरले ते माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून अधिक होते. पण खोली राहिली. दलालाच्या वाटेने गेलो असतो तर पैसे गेले असते आणि नोटीस तशीच उभी राहिली असती.

न्यायालयाने काय दिले, काय दिले नाही

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या कारवायांबद्दल निर्णय दिला. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाचा हा निर्णय सर्व राज्यांना लागू आहे; म्हणून इंदूर, सिकंदराबाद, हुबळी वा बडोद्याला नोकरी करून तिथेच घर बांधलेल्या आपल्या मराठी बांधवांनीही तो समजून घ्यावा. नोटीस पोचदेय रजिस्टर टपालाने पाठवलीच पाहिजे आणि घरावरही चिकटवली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, त्यानंतर प्रत्यक्ष सुनावणी. अंतिम आदेशात कारणे हवीत. बांधकाम तडजोड शुल्क घेऊन नियमित होण्यासारखे आहे काय, आणि नसल्यास पूर्ण पाडायचे की काही भागच, हेही त्यात लिहिले पाहिजे. आदेशानंतर स्वतः बांधकाम काढून घ्यायला आणखी १५ दिवस, आणि पाडकामाचे चित्रीकरण.

पोस्टातल्या मित्रांनी यातले एक वाक्य पुन्हा वाचावे. नागरिकाचे १५ दिवस आपण घेतलेल्या सहीपासून मोजले जातात. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी पोच घेऊन पत्र हाती देण्याचे काम आपलेच आहे. खोटा शेरा मारून कोणावर उपकार होत नाही. नाकारलेले पत्र कायदा बहुधा मिळालेलेच धरतो. वाया जातात ते त्या माणसाचे दिवस.

रेल्वेतल्या मित्रांसाठी त्या निर्णयातला अपवाद महत्त्वाचा आहे. रस्ता, पदपथ, नदीपात्र यांच्याबरोबरच रेल्वेमार्गालगतच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण मिळत नाही. रेल्वे क्वार्टरच्या मागे पत्रा टाकून केलेली खोली तर वेगळ्याच कायद्यात येते. ती जागा सरकारी. तिथे १९७१च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली इस्टेट ऑफिसरपुढे उभे राहावे लागते, आणि खात्याची कारवाई वेगळी. स्वतःच्या मालकीचा प्लॉट रेल्वेच्या हद्दीजवळ असेल तर बांधण्यापूर्वी रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो काय, हे आधी पाहावे.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात सांगितले की वर्षे उलटली, पैसे ओतले, अधिकारी गप्प बसले, एवढ्यावरून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की अर्थ स्पष्ट होतो. तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. खोलीचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. "मी घरपट्टी भरतो" हा बचावही चालत नाही. महापालिका कायद्याच्या कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामावर शास्ती लावली जाते, आणि ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे होत नाही.

दोष फक्त कामगाराचा काय?

आपल्यापैकी बरेच जण अठ्ठावन्न-साठ वर्षांपर्यंत क्वार्टरमध्ये राहतात आणि निवृत्तीनंतर घाईघाईने घर उभे करतात. नकाशा, अभियंता, शुल्क, खेटे हे सगळे ज्या वयात नको वाटते, नेमके त्या वयात. अनेकांचे प्लॉट गुंठेवारीतले. मिरज-सांगलीपासून औरंगाबादपर्यंत (आजचे छत्रपती संभाजीनगर) अशा वसाहती पसरल्या, म्हणून २००१ साली शासनाला गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. १९६६च्या कायद्यात ५२क हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे अटींवर प्रशमित करण्याची सोय २०१७ साली झाली. दर काही वर्षांनी अशी माफी द्यावी लागते याचा अर्थ एवढाच की सरळ दरवाजा अरुंद आहे.

तो दरवाजा थोडा रुंद झाला आहे, हेही मान्य केले पाहिजे. मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्याला लागू असलेल्या डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, अटी पाळून, नकाशा व कागदपत्रे सादर केल्यावर शुल्काची पावतीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. ही सोय आपल्या किती सभासदांना ठाऊक आहे? केंद्रीय कर्मचाऱ्याला २०१७च्या नियमांप्रमाणे असलेले घर वाढवण्यासाठीही अग्रिम मिळतो : ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा १० लाख रुपये, यांत जे कमी असेल ते, अर्थात खर्च आणि फेडीची ताकद पाहून. त्यासाठी मंजूर नकाशा लागतो. म्हणजे जो नोकरीत असताना अग्रिम घेऊन बांधतो त्याचे कागद आपोआप होतात. जो निवृत्तीच्या पैशाने बांधतो तो गवंड्याच्या शब्दावर बांधतो. कंत्राटी कामगाराला तर अग्रिमाची वाटही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. महागाई भत्ता आणि पेन्शन हे आपले प्रश्न आहेतच, पण पेन्शनर ज्या छपराखाली राहतो तोही संघटनेचा प्रश्न आहे. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ नोटिशी वाचण्यासाठी ठेवावी. कलम, मुदत आणि उत्तराचा मसुदा त्या टेबलावरच व्हावा. गावातल्या एखाद्या परवानाधारक अभियंत्याशी ठरलेल्या दरात नकाशाची बोलणी करावी. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या सभासदाला कागद आधी, विटा नंतर, हे समजावून सांगावे. नगरपालिकांकडे आपली मागणी असावी की एका खोलीच्या वाढीसाठीचे शुल्क आणि दंड त्या खोलीच्या मापाने असावेत, आणि जी तत्परता मागच्या खोलीवर दिसते तीच मुख्य रस्त्यावरच्या वाढीव मजल्यांवर दिसावी.

ही मागणी करण्याचा अधिकार मात्र ज्याचा नकाशा फाइलमध्ये आहे त्यालाच शोभतो. माझा आता आहे. त्यात न्हाणीघर नाही. पुढच्या शाखा सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी सर्व शाखा सचिवांना विनंती आहे.