उचल नको, हक्क हवा



सरकारने गरिबाच्या खात्यात रोख पैसे टाकले की आपल्यातही दोन-चार जण नाक मुरडतात. "फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो," म्हणतात. गावाकडून विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीत येऊन आता कुठे चार घास सुखाचे खाऊ लागलेले आपलेच लोक असे बोलतात, तेव्हा वाईट वाटते. म्हणून आज या पैशाविषयीच बोलू.

वसई तालुक्याच्या पूर्वेला, पारोळ, भाताणे, उसगावच्या बाजूला, भातलावणी आटोपली की मजुराच्या हाताला काम राहात नाही. घरातले धान्य सरते. त्यात पोर तापाने फणफणले की आईचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम दारात येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. हिशेब मालकाच्या वहीत असतो. मजुरीतून कापून कापूनही उचल फिटली नाही, की पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. मुलांची शाळा सुटते ती सुटतेच.

हे दुखणे जुने आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेणारा आदिवासी त्याच्याच घरी वर्षानुवर्षे राबत असे. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली बांधव या वेठीविरुद्ध उठले. १९७६ साली कायद्याने वेठबिगारी बंद झाली. तरीही १९८० नंतरच्या काळात श्रमजीवी संघटनेला याच वसई तालुक्यातले वेठबिगार सोडवावे लागले. नडीच्या वेळी एवढीशी रक्कम दुसरीकडून मिळाली असती, तर माणूस गुलाम झाला असता का?

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी बलुते पाहिले आहे. काम साऱ्या गावाचे, रात्री-अपरात्रीचे; मोबदला म्हणजे दारोदार मागितलेली शिळी भाकरी आणि खळ्यावरचे मूठपसा धान्य. द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचे बिल आणले. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवावी आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, अशी तरतूद त्यात होती. ते बिल मंजूर होऊ शकले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. पण बाबासाहेबांनी त्यावेळीच मर्म ओळखले होते. दारात उभे राहून भाकरी मागणाऱ्याची मान खाली असते. ठरलेली रक्कम हक्काने घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आपल्या सोपाऱ्याच्या मातीतही हाच धडा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या शिलालेखात अशोकाने आपल्या धम्मयात्रांविषयी लिहिले आहे. शिकारीच्या सहली सोडून तो लोकांना भेटू लागला. वृद्धांना भेटून त्यांना सुवर्ण देऊ लागला. राजाने वृद्धाच्या हाती सोने ठेवावे, हा आपल्या धम्माचा वारसा आहे.

आता आजचा हिशेब मांडू. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र महिलेसाठी दरमहा दीड हजार रुपये ठरले. समजा, एका घराला पावसाळ्यात दहा हजारांची उचल लागते. आईच्या खात्यात जून ते सप्टेंबर दीड-दीड हजार आले, तर सहा हजार झाले. राहिले चार हजार. चार हजारांसाठी मुकादमाशी घासाघीस करता येते. दहा हजारांसाठी मान तुकवावी लागते. दीड हजाराने गरिबी हटत नाही, पण "यंदा नाही येत" असे म्हणण्याचे बळ येते.

आळशीपणाचे म्हणाल, तर मध्य प्रदेशात २०११-१२ साली 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत रोख पैसे देऊन पाहिले. मोठ्या माणसाला दरमहा आधी २००, मग ३०० रुपये. मुलाला त्याच्या निम्मे. लोक आळशी झाले नाहीत. खाणेपिणे सुधारले, मुले शाळेत जाऊ लागली आणि मजुरीला जाणारे कित्येक जण स्वतःच्याच शेतात राबू लागले.

अर्थात सरकारलाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. विधवा, दिव्यांग, निराधार यांच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दीड हजार झाली. पण २१,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षे चालत आली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! चार घरची भांडी घासणारी विधवा या हिशेबाने श्रीमंत ठरते. शिवाय हप्ता उशिरा येतो, राबून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. आणि रोख रक्कम दिली म्हणून शाळा, दवाखाना आणि भट्टीवरची रास्त मजुरी यांतून सरकारची सुटका होत नाही.

हे पैसे उपकाराचे नाहीत. काडीपेटी घेतानाही गरीब माणूस कर भरतो. तेव्हा घेताना लाजू नका आणि घेणाऱ्याला हिणवू नका.

शहरातल्या महिला मंडळांना एक विनंती. रविवारी वंदना झाली की एक तास काढा. आपल्या वस्तीतली, पूर्वेच्या पाड्यांतली कोणती बाई विधवा आहे, कोणाचे खाते आधारला जोडलेले नाही, ते विचारा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, पासबुक असे कागद जमवून द्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात, हेही सांगा. तहसील कचेरीत अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि पासबुक व एटीएम कार्ड बाईच्याच हाती राहील, सावकाराच्या किंवा मुकादमाच्या नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

जय भीम!