टॅब किती, पात्र किती?

पुण्यात माध्यमिक शाळा निवडताना पालक दोन गोष्टी ताडून पाहतात : वर्गात टॅब आहेत का आणि शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले झळकली. महापालिकेशी भागीदारीत ‘आकांक्षा फाउंडेशन’ चालवत असलेल्या शाळांमुळे गरीब पालकांनाही निवडीला वाव मिळाला, हे चांगलेच. पण कोणत्याही शाळेने निवडक मुलेच शिष्यवृत्ती परीक्षेला बसवली, तर निकाल उजळणारच; म्हणून किती बसली आणि किती पात्र ठरली, हे दोन्ही आकडे पालकांनी मागावेत. टॅबबाबतही सावधगिरी हवी : शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या लाभाचे भक्कम पुरावे तोकडे आहेत, असे युनेस्कोच्या २०२३च्या अहवालानेच बजावले आहे. टॅब कोणत्या तासाला, किती वेळ, कुणाच्या देखरेखीखाली, याचे लेखी धोरण प्रवेशाआधीच जाहीर करणे शिक्षण विभागाने शाळांना बंधनकारक करावे.