साधन आणि साधना

चलच्चित्र चांगले उतरावयाचे असेल, तर साधनेही भारी हवीत, अशी पुष्कळांची समजूत असते. घरात एकच मोबाईल, तोही जुना. दिवे नाहीत, कॅमेरा ठेवावयास तिवई नाही. मग आपल्या हातून काय होणार, असे म्हणून कित्येक मुले आरंभच करीत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. चांगल्या चित्रणास साधनापेक्षा साधना अधिक लागते.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९१२ साली ते लंडनहून परतले. हाताने दांडा फिरवून चालवावयाचा एक कॅमेरा त्यांनी तेथून मागविला होता. चित्रपटासाठी भांडवल हवे होते. परंतु नवख्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्या रोपाचे थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर सुमारे एका मिनिटात बीज अंकुरले, रोप वाढले आणि त्याचा वेल झाला! या चित्रणात नट नव्हते, देखावे नव्हते. होती ती एक कल्पना आणि महिनाभराची चिकाटी. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

साधन मुळीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. त्या कॅमेऱ्यासाठी फाळक्यांना विम्याच्या पॉलिसी गहाण टाकाव्या लागल्या होत्या. पण जे साधन मिळाले, त्याचा त्यांनी कस लावला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा प्रकाश नटांवर परतवीत. विजेच्या दिव्यांची उणीव सूर्याने आणि एका चादरीने भरून काढली.

आजच्या विद्यार्थ्यालाही हाच मार्ग मोकळा आहे. ज्याचे चित्रण करावयाचे, त्याच्या तोंडावर खिडकीचा उजेड पडावा. खिडकी त्याच्या पाठीशी नसावी. हात हलतो, म्हणून मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवावा. बोलणे स्पष्ट ऐकू यावे, म्हणून पंखा बंद करावा आणि बोलणाऱ्याच्या जवळ जावे. काय दाखवावयाचे, ते आधी कागदावर लिहावे. एका दृश्यावर निदान दहा सेकंद स्थिर राहावे. उगाच इकडेतिकडे फिरू नये. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याने मित्राच्या सोबतीने काम करावे. कारण चित्रपट ही एकट्याची कला नव्हेच.

यांतील एकाही गोष्टीला पैसा पडत नाही. पडतात ते कष्ट. आणि भारी साधने विकत घेऊन हे कष्ट टळत नाहीत. कुंभार चाक फिरवितो, सुगरण घरटे विणते. पण सुगरणीपाशी चोचीवाचून दुसरे हत्यार नसते. मुंगीची रांग, आजीचे दळण-कांडण, पहिल्या पावसातील अंगण यांकडे जो लक्षपूर्वक पाहील, त्याच्या लहानशा साधनातूनही पाहण्याजोगे चित्र उतरेल. ज्याला पाहताच येत नाही, त्याच्या हाती लाखाचा कॅमेरा दिला तरी तो व्यर्थच होय.