ताम्हिणीची वळणं आणि ट्रॅकची

रविवारी पहाटे मुळशी ओलांडून माणगावकडे निघालं की ताम्हिणीची वळणं सुरू होतात आणि गाडीची हौस असलेल्याचा हात आपोआप गिअरवर जातो. घाट मोहात पाडतो खरा, पण तिथला रस्ता तालीम करू देत नाही. आंधळ्या वळणापलीकडे एसटी असेल, गाय असेल, दरडीतून निसटलेली खडी असेल किंवा पावसाळ्यात भर रस्त्यात सेल्फी काढणारं कुटुंब. काल कोरडं असलेलं वळण आज शेवाळलेलं असतं.

ट्रॅकवर तेच वळण पुन्हा पुन्हा येतं. ब्रेक कुठे दाबायचा आणि गाडी आत कुठे वळवायची, हे दहाव्या फेरीला उमगू लागतं. चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते. घाटात असते दरी.

अडचण अंतराची आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा साधारण 3.7 किलोमीटरचा ट्रॅक पुण्याहून सुमारे 1,200 किलोमीटरवर आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 16 वळणं आहेत, 2011 ते 2013 तिथे फॉर्म्युला वन धावली. ते तर त्याहूनही लांब. शिवाय ट्रॅकची फी, टायर आणि ब्रेक पॅडची झीज. (घरच्यांना हा हिशेब कोणी पूर्ण सांगत नाही.)

घाटही फुकट नाही. परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

या अंकात आमचा चमू दोन्हीकडे गेला. घाटात वेगमर्यादा पाळून, मधे चहा-भजीला थांबून.