पाठकोरे

यंदाच्या अंकासाठीच्या टपालात एक जाडसर पाकीट आलं. लग्नपत्रिका आणि वाण्याच्या पावत्या यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेला लेख. लिहिणारे मालवणकडचे, उभा जन्म रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेले. वाचता वाचता आल्फ्रेड वॉलिस आठवला.

वॉलिस इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा दर्यावर्दी. जन्म १८५५चा. पुढे सेंट आइव्ह्‌ज गावात तो जहाजांचं भंगार घेई-विके. १९२२मध्ये बायको गेली, घर खायला उठलं आणि सत्तरीच्या सुमारास, केवळ सोबत हवी म्हणून, तो चित्रं काढू लागला. रंग बोटींना लावायचे, कागदाऐवजी वाण्याकडचे पुठ्ठे. पुठ्ठा वेडावाकडा असला तरी तो सरळ कापायचा नाही. त्या तिरप्या कडेचाच किनारा करायचा, तिच्या अंगानं गलबत हाकायचं. मनात जे मोठं ते चित्रात मोठं, म्हणून जहाजापुढे घरं चिमुकली. चित्रं भिंतीवर चक्क खिळ्यांनी ठोकलेली. रविवारी रंगांना शिवायचं नाही, फक्त बायबल. माणसांपासून तो फटकूनच असे. घरात सैतान बोलतो, अशी त्याची खात्री होती.

ऑगस्ट १९२८मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे तरुण चित्रकार त्याच्या उघड्या दारावरून चालले होते. ती भिंत दिसली आणि दोघे थबकले. निकल्सन चित्रकाराचाच मुलगा, शिकलेला. पण चित्र ही हातात धरावी, खरवडावी, जिची कडही बोलावी अशी वस्तू असते, हे त्याला या म्हाताऱ्याच्या पुठ्ठ्यांनी दाखवलं. त्याची पुढची कोरीव पांढरी चित्रं पाहताना मला ते पुठ्ठेच दिसतात.

निकल्सन जगभर गाजला. वॉलिस १९४२मध्ये मॅड्रनच्या गरीबखान्यात वारला, शेवटपर्यंत चित्रं काढत. मला हे पचत नाही. मित्रांनी चित्रं घेतली होती, रंग पोचवले होते. कुंभारकलावंत बर्नार्ड लीचनं थडग्यासाठी सुंदर फरशाही घडवल्या. त्यांवर भलंथोरलं दीपगृह आणि काठी टेकत त्याच्या दारात शिरणारा इवलासा माणूस. एवढं प्रेम असूनही म्हातारपण निराधार गेलं.

हे ध्यानात ठेवून रापणीचा लेख आम्ही बोलीला हात न लावता छापला आहे. पत्रिकेच्या कडेशी जिथे ओळ संपली, तिथेच ती संपवली आहे. मानधन वसुबारसेआधी त्यांच्या हातात पोचलं आहे.