एक भोंगा, दोन अर्थ

२०२५ साली सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली आणि आमच्याकडे चहाबरोबर नवा प्रश्न आला : विमानात कानाला दडे का बसतात?

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड हजार फुटांवर. जेट विमान पस्तीस हजारांवर गेलं, तरी केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. म्हणजे कळसूबाईहूनही उंच! बहुतेक विमानांत इंजिनातली दाबलेली हवा आत येते आणि एक झडप ती मोजून बाहेर सोडते. दाब बदलतो, दडे बसतात. इतकंच.

पण २० सप्टेंबर २०१८ला जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात ही हवा आत घेणारे स्विच बंदच राहिले. कित्येकांच्या नाका-कानातून रक्त आलं, विमान परत फिरलं. 'पायलट विसरले', विषय संपला!

खरंच संपला? २००५ साली ग्रीसमध्ये हेलिओसचं विमान पडलं, तेही बोइंग ७३७च. दाब कमी झाल्याचा भोंगा वाजला होता. पण टेकऑफची तयारी चुकली तरी अगदी तोच भोंगा वाजायचा! वैमानिकांनी तो अर्थ घेतला. १२१ माणसं गेली. दोन इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे अमेरिकेने सक्तीचे केले, ते २०११मध्ये.

आपणही 'युजर एरर' लिहून बग बंद करतोच की! माझं म्हणणं एवढंच, माणूस विसरणारच. काय विसरलंय ते सिस्टिमने स्पष्ट सांगायला हवं, नुसतं ओरडून भागत नाही.